माराकेशचे दोन राजवाडे: बहिया एवढा नटलेला आणि बादीच्या नुसत्या भिंती, असं का?

कोलशेतची_लेक

नमस्कार मंडळी, इथे इतिहासवाले पण आहेत आणि बांधकामवाले पण, म्हणून विचारतेय. पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये आईला घेऊन मोरोक्कोला जाऊन आले, ग्रुप टूरबरोबर. आई ठाण्यात शाळेत मराठी शिकवायची, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आणि प्रवासाला निघायच्या आधी वहीत सगळं लिहून काढायची तिची सवय अजून तशीच आहे. माराकेशला एकाच दिवशी दोन राजवाडे दाखवले, सकाळी बहिया आणि दुपारी बादी. बहियात आई इतकी रमली की मान दुखेपर्यंत छताकडे बघत उभी होती, लाकडावर रंगवलेली फुलं, वेली, चांदण्या, एका खोलीतलं छत दुसऱ्या खोलीत नाही. पण तिथे आम्ही दोनदा हरवलो, एका अंगणातून निघालं की बोळ, बोळातून वळलं की दुसरं अंगण, कुठून आलो तेच कळेना.

आणि मग दुपारी बादी. मोठ्या दारातून आत गेलो तर समोर हे एवढं मोठं मैदान, मधे लांबलचक हौद, खड्ड्यात लावल्यासारखी संत्र्याची झाडं, आणि चारी बाजूंनी उंच उघड्या मातकट भिंती. वर करकोच्यांची घरटी. टूरवाल्यांनी चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा तिकिटात गेली. गाइड भरभर बोलत होता, साखर देऊन संगमरवर आणला, पुढच्या राजाने तो काढून नेला वगैरे, आईला निम्मं ऐकू आलं आणि उरलेलं पटलं नाही. ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. भिंतीला ओळीने चौकोनी भोकं आहेत, मूठ आत जाईल एवढी, बऱ्याच भोकांत कबुतरं बसलेली. आईने एका भोकात हात घातला आणि मला विचारलं, हे कशासाठी केलं असेल गं? मला सांगता आलं नाही आणि तेवढ्यात बसची वेळ झाली.

आता आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आईला या ट्रिपवर अर्धा तास बोलायचंय, फोटो दाखवून. ती म्हणते बहियाचं बोलता येईल पण बादीबद्दल काय सांगू, तिथे काही नव्हतंच. मला मात्र दोन महिने झाले तरी ती बादीच जास्त आठवतेय.

तर मला हे हवंय: बादी नक्की कुणी बांधला आणि कुणी मोडला, बहियात माणूस हरवतो तो का, ती भोकं कसली, आणि शेवटचं म्हणजे भिंतीवरच्या त्या टाइल्स. भाऊ फोटो बघून म्हणतो की त्या डिझाइन छापलेल्या टाइल्स आहेत, खारघरच्या त्याच्या किचनमध्ये आहेत तशाच. मी म्हणते एकेक तुकडा वेगळा आहे. कोण बरोबर?

नकाशा_वाशी

ताई, मी आर्किटेक्ट आहे, वाशीत काम करतो, २०१९ मध्ये माराकेशला आठवडाभर राहून या दोन्ही जागांची स्केचेस केली होती. बांधकामाचं मी सांगतो, बादी कुणी बांधला, कुणी मोडला ते इतिहासवाले सांगतीलच.

आधी ती भोकं, कारण आईंनी अगदी नेमकी जागा पकडली. बादीच्या भिंती दगडाच्या नाहीत, चोपलेल्या मातीच्या आहेत. माती, खडे आणि चुना एकत्र करायचा, दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावून मधे ओतायचा आणि वरून धुमसाने चोपत जायचं. आपल्याकडे स्लॅब टाकताना शटरिंग लावतात तसाच प्रकार, फक्त भिंत उभी करायला. त्या फळ्या धरून ठेवायला भिंतीतून आरपार आडवी लाकडं घालतात, एक थर झाला की लाकडं ओढून काढतात आणि फळ्या वर सरकवतात. लाकूड निघालं की त्याची जागा भोक म्हणून राहते. म्हणून ती ओळीत असतात आणि ठरावीक उंचीवर. भिंत तयार झाली की वरून गिलावा, टाइल्स, संगमरवर चढायचा आणि भोकं झाकली जायची. म्हणजे आईंनी हात घातला ती जागा राजवाडा पुरा असताना कुणालाच दिसत नव्हती. कामगारांची परांची तिथे शेवटची टेकली होती आणि मग थेट आता उघडी पडली. मला तर ते बघून फार भरून आलं होतं.

आता बहिया. तिथे हरवणं ही तुमची चूक नाही, तो वाडा एका नकाशावर बांधलेलाच नाही. सी मूसा नावाचा वजीर होता, सुलतान मोहम्मद चौथ्याचा, त्याने १८६० च्या दशकात पहिला भाग बांधला. गंमत अशी की त्याचे पूर्वज राजवाड्यात गुलाम होते आणि हा वजीरपदाला पोचला. त्याचा मुलगा अहमद बिन मूसा, लोक त्याला बा अहमद म्हणायचे. १८९४ मध्ये सुलतान हसन पहिला मोहिमेवर असताना वारला, तेव्हा या बा अहमदने रबातला पोचेपर्यंत बातमी बाहेर फुटू दिली नाही आणि हसनचा पोरवयाचा मुलगा अब्दुल अझीझ याला गादीवर बसवलं. तिथून पुढे सहा वर्षं कारभार याच्याच हातात. त्या सहा वर्षांत तो आजूबाजूची घरं आणि जमिनी विकत घेत गेला आणि जसजशी जागा मिळेल तसतसा वाडा वाढवत गेला. म्हणून अंगणं एका रेषेत नाहीत, बोळ वाकडे आहेत, दारं अनपेक्षित ठिकाणी उघडतात. सगळा मिळून साधारण ८ हेक्टरचा पसारा आहे. काम बघणारा मुख्य माणूस मुहम्मद अल मक्की अल मिस्फिवी.

आईंना कट्ट्यावर सांगायला सोपं पडावं म्हणून आपल्याकडचं उदाहरण देतो. बादी म्हणजे शनिवारवाडा आणि बहिया म्हणजे मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, आता तट, जोती आणि कारंज्याचा हौद राहिला, मेणवलीचा वाडा मात्र कडीपाटासकट उभा आहे. आणि नाना पण बाळ पेशव्याच्या नावाने कारभार बघणारेच ना. बहिया हा तसा राजाचा वाडा नाहीच, कारभाऱ्याचा आहे.

वाड्याची तुलना अजून एका अर्थाने बसते. आपल्या चौसोपी वाड्यात बाहेरच्या बाजूला खिडक्या कमी, सगळं तोंड आतल्या चौकाकडे, देवडीतून वळून आत यायचं म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला चौक दिसत नाही. बहियातही तसंच, आत येणारी वाट मुद्दाम वळवलेली असते. फरक असा की आपल्या चौकात तुळस आणि फरशी, त्यांच्या चौकात बाग. ज्या अंगणात झाडं आणि पाणी आहे त्याला रियाद म्हणतात, दोन वाटा एकमेकींना कापतात, चार वाफे पडतात आणि मधे कारंजं. बाहेर चाळीसच्या वर तापमान असलं तरी आत झाडांनी आणि पाण्याने गारवा राहतो. तुम्ही ते मोठं संगमरवरी अंगण बघितलं असेल, गॅलरीला हिरव्या-पिवळ्या रंगाचे लाकडी खांब असलेलं, ते १८९६-९७ चं, साधारण ५० बाय ३० मीटर. भर उन्हात मी तिथे उभा राहून स्केच काढायचा प्रयत्न केला, दहा मिनिटांत पांढऱ्या फरशीने डोळे दिपले, आणि तिथून बाजूच्या खोलीत शिरलो तर माठाला हात लावल्यासारखं वाटलं. जाड भिंती, उंच छत, आणि दरवाजा एवढा मोठा की वारा अडत नाही.

आणि बहिया पण काही सुखरूप राहिला असं नाही बरं का. १९०० मध्ये बा अहमद वारला आणि लगेच सुलतानाच्या हुकुमाने वाडा धुऊन काढला, गालिचे, सामान, दागिने सगळं गेलं. तुम्ही बघितल्या त्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या ना, एक खुर्ची नाही, त्याचं कारण ते. पण भिंती आणि छतं कुणी उपटली नाहीत, आणि १९१२ मध्ये मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल आल्यावर त्यांचा तिथला मुख्य अधिकारी, रेसिडेंट जनरल ल्योते, तिथे उतरायचा म्हणून डागडुजी होत राहिली. वापरात राहिलेलं घर टिकतं, एवढं साधं आहे.

मासुंदा_काठ

नकाशा यांनी छान सांगितलं, शनिवारवाडा-मेणवली एकदम पटलं. बादीचं मी सांगतो आणि ताई, हे आईंना आवर्जून वाचून दाखवा, कारण बादीचा आणि आपल्या ठाण्याचा सरळ संबंध आहे.

१५७८ साली ठाणे कुणाचं होतं? पोर्तुगीजांचं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना दिला, त्यानंतर ठाणे, साष्टी, वसई सगळीकडे लिस्बनच्या राजाचा अंमल. तेव्हा राजा होता सेबास्तियन. वय २४, लग्न झालेलं नाही, वारस नाही, आणि डोक्यात एकच, उत्तर आफ्रिकेत जाऊन धर्मयुद्ध करायचं. मोरोक्कोत तेव्हा सादी घराण्यात भाऊबंदकी चालू होती, गादीवरून उतरवलेला सुलतान अल मुतवक्किल सेबास्तियनकडे मदत मागायला आला आणि हा सैन्य घेऊन समुद्र ओलांडून गेला. ४ ऑगस्ट १५७८, वादी अल मखाझिन नदीजवळ लढाई झाली. त्या एका दिवसात तीन राजे मेले. सेबास्तियन रणात पडला, अल मुतवक्किल पळताना नदीत बुडाला, आणि मोरोक्कोचा खरा सुलतान अब्द अल मलिक आधीच आजारी होता, तो लढाई चालू असतानाच गेला. संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ अहमद सुलतान झाला आणि लोकांनी त्याला अल मन्सूर म्हणजे विजयी म्हणायला सुरुवात केली.

बादी बांधला तो या अल मन्सूरने, आणि गादीवर आल्यावर काही महिन्यांतच काम सुरू केलं. पैसा कुठून आला तर पोर्तुगालचे बरेच सरदार कैदेत सापडले होते, त्यांची खंडणी. घरच्यांनी जमिनी, दागिने विकून माणसं सोडवली. म्हणजे आमच्या मासुंदा तलावाजवळ जे चर्च आहे, घोडबंदरला जो किल्ला आहे, ते ज्या राज्याच्या जिवावर उभे राहिले त्याच राज्याची तिजोरी रिकामी होऊन माराकेशला तो राजवाडा उभा राहिला. पोर्तुगालमध्ये पुढे दोन वर्षांत गादीला माणूस उरला नाही, १५८० मध्ये स्पेनच्या फिलिप दुसऱ्याने राज्य घेतलं आणि १६४० पर्यंत लिस्बन, गोवा, वसई, ठाणे सगळं स्पेनच्या राजाच्या नावाने चाललं. ठाण्यातल्या माणसाने मोरोक्कोचं नावही ऐकलं नसेल पण त्याचा राजा तिथल्या एका नदीकाठी बदलला. मी तलावपाळीला लहानाचा मोठा झालो आणि हे मला चाळिशीत कळलं, तेव्हापासून बादीचा फोटो बघितला की परकं वाटत नाही.

साखरेचं गाइड खरं बोलला. मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या सूस आणि आसपासच्या भागात सुलतानाचे उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने होते, तिथली साखर युरोपात जायची, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातही जायची. संगमरवर इटलीहून आला आणि मोरोक्कोच्या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वजनाला वजन साखर देऊन घेतला. तागडीत एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला साखर, असं डोळ्यासमोर आणा. पुढे १५९१ मध्ये त्याच्या फौजेने सहारा ओलांडून सोंघाई राज्य बुडवलं आणि टिंबक्टूचं सोनं यायला लागलं, मग लोक त्याला अल धहबी, सोन्याचा, म्हणायला लागले. सोनं पण बादीत लागलं. काम पंधराएक वर्षं चाललं.

दरबार कसा होता ते नुसत्या मापांवरून कळतं. मधलं अंगण १३५ बाय ११० मीटर, मधला हौद ९० मीटर लांब. आपल्या शाळेच्या मैदानात शंभर मीटर शर्यत लावतो ना, जवळजवळ तेवढा हौद. परदेशी वकिलाला त्या हौदाच्या काठाने चालत जाऊन टोकाच्या मंडपात बसलेल्या सुलतानापर्यंत पोचावं लागे. सगळी वाट बाजूला पाणी, पाण्यात मंडप उलटा दिसतोय.

आता मोडला कुणी. सादी घराणं गेलं, अलवी घराणं आलं, आणि त्यातला मौले इस्माईल, राज्य १६७२ ते १७२७. त्याने राजधानी मेकनेसला नेली आणि तिथे स्वतःचे राजवाडे बांधायला काढले. १७०७ च्या सुमारास बादी उतरवायचा हुकूम झाला आणि संगमरवर, लाकूड, टाइल्स जे निघेल ते काढून मेकनेसला नेलं, हे काम वर्षानुवर्षं चाललं. तयार माल फुकट मिळत होता हे एक आणि आधीच्या घराण्याची एवढी मोठी खूण डोळ्यासमोर नको हे दुसरं.

यावर दोन गोष्टी तिथे सांगतात आणि दोन्ही जुन्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. राजवाडा झाल्यावर मोठी मेजवानी झाली, अल मन्सूरने दरबारातल्या विदूषकाला विचारलं, कसा वाटला वाडा? तो म्हणाला, पाडला की मातीचा ढीग मोठा होईल. सुलतानाला ते लागलं होतं म्हणे. दुसरी गोष्ट अक्षरांची. अरबीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. बादीचं अरबी नाव अल बदीअ, त्याच्या अक्षरांची बेरीज करा, १, ३०, २, ४, १०, ७०, होतात ११७. राजवाडा हिजरी १००२ ला पुरा झाला आणि १११९ ला मोडायचा हुकूम निघाला. वजाबाकी करून बघा.

कोलशेतची_लेक

दोघांचे खूप खूप आभार. मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सेबास्तियनचा भाग दोनदा वाचायला लावला, मग उठून वही आणली आणि ती बेरीज स्वतः करून बघितली. भोकाबद्दल ऐकल्यावर काही बोललीच नाही, थोड्या वेळाने म्हणाली, परांची टेकवायची जागा काय.

मासुंदाकाका, पुरा असताना बादी कसा दिसत असेल याचा कुठे अंदाज येतो का? आईला चित्रासारखं काहीतरी दाखवायचंय.

मासुंदा_काठ

येतो की. बादीपासून चालत काही मिनिटांवर सादी घराण्याच्या कबरी आहेत, अल मन्सूर स्वतः तिथेच आहे, बारा संगमरवरी खांबांच्या दालनात. तोच काळ, त्याच हातचं काम. मौले इस्माईलने त्या पाडल्या नाहीत, नुसत्या भिंती घालून वाट बंद केली असं सांगतात, आणि १९१७ मध्ये पुन्हा उजेडात आल्या. ते दालन मनात शंभर पटीने मोठं करा, की झाला बादी. तुमच्या टूरने दाखवल्या नसतील तर फोटो तरी घ्या.

लादीकाम_कोपरखैरणे

ताई नमस्कार, मी बावीस वर्षं लादीकाम करतोय, आधी गवंड्याच्या हाताखाली आणि आता स्वतःची माणसं आहेत. टाइल्सचं मला विचारा. तुम्ही बरोबर, भाऊ चूक. पण भावाची काही चूक नाही कारण आपल्याकडे मोरोक्कन म्हणून जे विकतात ते छापलेलंच असतं, एका चौकोनी टाइलवर पूर्ण डिझाइन, चार लावल्या की फूल पुरं होतं.

तिकडच्या खऱ्या कामाला झेलिज म्हणतात. मातीची चौकोनी लादी भाजतात, एकावर एकच रंग, पांढरी वेगळी, निळी वेगळी, हिरवी वेगळी. मग कारागीर जमिनीवर बसतो, समोर छिन्नीसारखा लोखंडी तुकडा रोवलेला, त्यावर लादी धरून जड धारदार हातोडीने ठोके देत एकेक आकार तोडतो. चांदणी, करवतीचे दात, लांब पट्टी, बदामासारखा, प्रत्येक आकाराला नाव आहे. कडा मागून थोड्या तिरक्या घासतात म्हणजे समोरून सांधा केसाएवढा राहतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लावताना तुकडे पालथे लावतात. रंगाची बाजू खाली. म्हणजे लावणाऱ्याला डिझाइन दिसतच नाही, पाठीच्या मातीकडे बघून सगळं डोक्यातून लावायचं, मग वरून माल ओतायचा, सुकला की पाटा उचलून भिंतीला उभा करायचा. मी लादी लावताना स्पेसर घालतो, दोरी लावतो, ओळंबा धरतो, लेव्हल बघतो, तरी एखादी रांग हलते. ते लोक उलटं लावून एक चांदणी चुकवत नाहीत.

तीन वर्षांमागे सीवूड्सला एका क्लायंटनी फोटो दाखवून असंच पाहिजे म्हणून सांगितलं, फक्त देवघराच्या मागच्या भिंतीवर, दोन बाय तीन फूट. मला जोर आला, म्हटलं करून बघू. साध्या ग्लेझ टाइल्स आणल्या आणि कटर मशीनने आठ टोकांच्या चांदण्या कापायला बसलो. पहिल्या दिवशी सोळा कापल्या, त्यातल्या पाच धड. मशीनची कड सरळ येते पण ग्लेझचे टवके उडतात, हातोडीला ते उडत नाहीत असं नाही पण तिथे माती मऊ असते, आपली टाइल काचेसारखी कडक. सव्वा महिना गेला त्या सहा चौरस फुटाला. पैशाचं गणित बसलं नाही पण मला ते काम केल्याचं समाधान आहे, अजून त्या घरी गेलो की आधी तिथे बघतो.

फोटोत ओळखायची खूण सांगतो, भावाला दाखवा. फोटो मोठा करा आणि पांढऱ्या रंगाकडे बघा. छापील असेल तर सगळीकडे एकसारखा पांढरा दिसेल. खऱ्यात एक तुकडा दुधासारखा, शेजारचा जरा पिवळट, तिसऱ्यावर उजेड वेगळ्या कोनात पडलेला, कारण प्रत्येक तुकडा थोडासा वेगळ्या पातळीत बसलेला असतो. म्हणून ती भिंत चमकताना हलल्यासारखी वाटते.

अजून एक, बाथरूममधल्या किंवा हमामातल्या भिंती बघितल्या असतील, सांधा नाही, गुळगुळीत, मेणासारख्या. त्याला तादेलाक्त म्हणतात. माराकेशच्या भागातला चुना, लावून झाला की ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटतात, मग ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळून पुन्हा घोटतात. साबण आणि चुना मिळून असा थर होतो की पाणी आत जात नाही. माझे आजोबा गावाकडे चुन्याचं काम करायचे, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून चुना मळायचे आणि गिलावा घोटून घोटून आरशासारखा करायचे. मी त्यांना ते करताना बघितलंय, पण शिकलो नाही. तेव्हा सिमेंटचं काम भरपूर होतं.

बेलापूर_सुनंदा

मी पण मागच्या वर्षी जाऊन आले. बादीत काही नव्हतंच असं आईंना वाटलं ते साहजिक आहे पण एक मोठी वस्तू बहुतेक तुमची बघायची राहिली, कारण ती बाजूच्या बंद खोलीत आहे आणि चाळीस मिनिटांत तिथे कोण नेणार. कुतुबिया मशिदीचा जुना मिंबर, म्हणजे ज्यावर चढून प्रवचन देतात तो लाकडी जिना. स्पेनच्या कॉर्दोबा शहरात ११३७ मध्ये तो करायला घेतला, तेव्हाचा सुलतान अली बिन युसुफ याच्या हुकुमाने, आणि तिथून तुकड्या-तुकड्यांत माराकेशला आणला. जवळजवळ चार मीटर उंच. आठशे वर्षं मशिदीत वापरात होता, १९६२ मध्ये तिथून हलवला. लाकडाच्या छोट्या छोट्या फळ्या, प्रत्येकीवर वेगळी वेल कोरलेली, मधे हस्तिदंताच्या बारीक पट्ट्या. मी चष्मा काढून अगदी जवळून बघितलं, एका पानाच्या शिरा सुद्धा कोरल्यात, नखाएवढं पान. बाहेरच्या ओक्या भिंती बघून आत गेलं की ते जास्तच डोळ्यात भरतं.

आणि त्या संत्र्यांच्या बागा खड्ड्यात आहेत त्याला कारण आहे. वाटा मुद्दाम वर उचलून बांधल्यात आणि वाफे खाली, म्हणजे पाणी आपोआप वाफ्यात उतरतं आणि वाटेवरून चालणाऱ्याला झाडांचे शेंडे, फुलं, फळं हाताशी येतात. पायाखाली फुलांचा गालिचा वाटावा अशी कल्पना. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो, मोहर होता, वास वर येत होता.

पाणी कुठून यायचं तेही सांगा कट्ट्यावर, ज्येष्ठ मंडळींना आवडेल. माराकेशला मोठी नदी शहरातून वाहत नाही. ॲटलास डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून उताराने बोगदे खणत आणलेत, त्यांना खेत्तारा म्हणतात, ठरावीक अंतरावर वर विहिरीसारखी तोंडं. आमचं माहेर छत्रपती संभाजीनगरचं, तिथे मलिक अंबरची नहर अशीच आहे, पाणचक्कीलाही पाणी जमिनीखालून डोंगराकडून येतं. लहानपणी आम्ही त्या तोंडाशी कान लावून पाणी ऐकायचो. तिकडे गाइडने खेत्तारा म्हटल्यावर मी त्याला आमच्या नहरीबद्दल सांगितलं, त्याने वही काढून अंबर हे नाव लिहून घेतलं.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री भूकंप झाला तेव्हा हे दोन्ही राजवाडे काही काळ बंद ठेवले होते. मी गेले तेव्हा काही ठिकाणी अजून टेकू लावलेले दिसले, पण काम चालू होतं आणि काम करणारी पोरं तरुण होती. तुम्हाला दिसलं का?

कोलशेतची_लेक

सुनंदाताई, हो, बहियात एका दालनाला दोरी लावली होती, आत दोन जण शिडीवर होते. मिंबर नाही बघितला. त्याचं वाईट वाटतंय. आईने मात्र लगेच ठरवलं की आपण परत जायचं, या वेळी टूर नको, आपण दोघीच.

लादीकामदादा, भावाने फोटो मोठा करून बघितला. पाच मिनिटं बघत होता. मग स्वतःच्या किचनचा फोटो शेजारी ठेवला आणि म्हणाला, हो, पांढरा वेगळा आहे.

आईने बोलण्याचा क्रम बदललाय. आधी बहियाच्या छतापासून सुरुवात होती, आता पहिला फोटो मासुंदा तलावाचा, दुसरा थेट बादीचा हौद, आणि मग भिंतीतलं भोक. बहिया शेवटी, मेणवलीच्या फोटोबरोबर. अर्ध्या तासात कसं बसणार माहीत नाही, मी चाळीस मिनिटं मागून घेतली आहेत.

लादीकाम_कोपरखैरणे

ताई कार्यक्रम कधी आहे? सीवूड्सच्या कामातल्या उरलेल्या चांदण्या माझ्याकडे डब्यात आहेत, धड अकरा आणि टवके उडालेल्या बऱ्याच. लोकांना हातात घेऊन बघता येतील. रविवार असेल तर मी घणसोली-ऐरोलीवरून ट्रेनने येऊन जातो, ठाणे काय लांब नाही.

कोलशेतची_लेक

रविवारच आहे दादा, संध्याकाळी पाच वाजता. तुम्हाला पत्ता मेसेज करते. आई म्हणतेय साडेचारला आलात तर तुकडे आधी टेबलावर मांडून ठेवता येतील, आणि मांडताना पालथेच मांडा, लोकांनी स्वतः उलटून बघायला हवेत.